अकरा मुलं, बारा पाती

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि ज्ञानदाने त्यातला बराचसा मोबाइलमध्ये घालवला.

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. रिहे गावातल्या घरी आई पडवीत पाय पसरून बसली होती आणि तिच्यापुढे श्रीखंडाचे जुने डबे मांडलेले होते. अर्ध्या किलोचे, एकूण छत्तीस. गावात बारसं असो की साखरपुडा, रजनीबाई, म्हणजे आई, जेवून उठल्या की रिकामा डबा मागणार, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बायका आधीच घासून ठेवायच्या आणि म्हणायच्या, बाई आहेर देत नाहीत, घेऊन जातात. आई शाळेच्या या डब्यांच्या झाकणांना पुन्हा रंग देत होती. बारा लाल, बारा पिवळी, बारा निळी. रंग कुठून कुठून उरलेला होता, त्यामुळे लाल थोडा विटकरीकडे झुकत होता.

लाल डब्यांत शब्दांत लिहिलेल्या गणिताची चिठ्ठी आणि खराट्याच्या बोटभर काड्या होत्या. सुट्ट्या काड्या, दहा-दहांच्या जुड्या आणि दहा जुड्या एकत्र बांधलेला शंभरांचा मोठा जुडगा. आई एकेक जुडी दोऱ्याने बांधत होती. बांधता बांधता तिने ज्ञानदाला जवळ बोलावलं. गाठ कशी मारायची ते दाखवलं, दोरा कुठून आत घालायचा, सोडताना कुठलं टोक धरून ओढायचं. ज्ञानदाचं एक बोट पडद्यावर होतं.

“कळली ना?”

“कळली.”

आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुढची जुडी घेतली.

ज्ञानदा हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलांच्या ॲपसाठी गणिताचे धडे लिहायची आणि नांद्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. एका वर्गात सगळी मुलं सारखी नसतात, म्हणून प्रत्येक धडा तीनदा लिहायचा. सोपा, मध्यम, कठीण. मूल चुकलं की ॲप त्याला आपोआप खाली आणतं, बरोबर आलं की वर नेतं. दुपारी चहा पिताना आईने विचारलं होतं, की तुमच्याकडे एखादं पोर अडलं तर काय करता. ज्ञानदाने सांगितलं, खालच्या पातळीवर जातं. मग आईने विचारलं, तिथे कोण असतं त्याच्याबरोबर. कोणी नसतं आई, ॲप आहे ते, असं म्हणून ज्ञानदा हसली. आईही हसली. मग म्हणाली, शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी येऊन जा, एक दाखवायचंय. ज्ञानदा म्हणाली, बघू.

संध्याकाळी ती नांद्याला परतली. सोमवारी आईने डबे शाळेत नेऊन ठेवले. मंगळवारी सकाळी शाळेला निघालेली आई चपला घालायला पायरीवर बसली, ती उठली नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. बाबा, म्हणजे दयानंद, पिरंगुटच्या कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, तेव्हापासून कमी बोलायचे, आता आणखी कमी बोलू लागले. ज्ञानदाने रजा वाढवून घेतली आणि आईच्या वस्तू आणायला म्हणून शाळेत गेली.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला, रिह्याच्याच एका वाडीवर ती दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा होती. पहिली-दुसरी शैलेश सरांकडे, तिसरी-चौथी आईकडे. शैलेश सर लातूरकडचे, पिरंगुटला खोली घेऊन राहणारे. सध्या चारही इयत्ता त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होत्या. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. छत्तीस डबे नीट रांगेत होते.

ते म्हणाले, पुढच्या सोमवारी बदलीच्या नव्या बाई येणार आहेत. वरून साहित्याची नवी पेटीही आली आहे, तिला जागा लागेल. हे डबे टाकवत नाहीत, पण कसे वापरायचे तेही कळत नाही. मुलांना विचारलं तर सगळी एकदम बोलतात. “मी बाईंना एकदा विचारलं होतं, याची पद्धत काय. त्या म्हणाल्या, एकदा कापणीला या आमच्याकडे. मला वाटलं, चेष्टा करताहेत.” तर ताईंनी चार दिवस वर्ग सांभाळावा आणि शनिवारपर्यंत एका कागदावर सगळं लिहून द्यावं. केंद्रप्रमुखांना त्यांनी विचारलं होतं. कागद असला तर नव्या बाईंना डबे ठेवून घ्या असं सांगता येईल. नसला तर मात्र.

सरांनी नव्या पेटीकडे बोट दाखवलं. ज्ञानदाला मनातल्या मनात जरा हसूच आलं. लाल, पिवळा, निळा. सोपा, मध्यम, कठीण. असे कागद लिहिण्याचा तर तिला पगार मिळत होता. फक्त आईच्या वर्गात मुलं अकरा आणि डब्यांचे संच बारा का, हे कळेना. एक जास्तीचा असेल, सर म्हणाले.

मंगळवारी तिने मुलांची छोटी चाचणी घेतली. त्यावरून तीन गट पडले. काड्यांचे लाल डबे मागे पडलेल्या चौघांना दिले. पिवळ्यात लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर जुड्यांची आणि काड्यांची चित्रं होती, ते मधल्या चौघांना. निळ्यात नुसती आकड्यांत लिहिलेली गणितं होती, ते उरलेल्या हुशार तिघांना. बावन्न वजा सत्तावीस. प्रत्येकाला त्याच्या ताकदीचं, जसं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असतं तसं.

आणि काहीच जमेना.

निषादने लाल डब्यातल्या काड्या फरशीवर मांडल्या, एक जुडी सोडली, सत्तावीस बाजूला केल्या आणि उठून थेट फळ्याकडे चालू लागला. तिने त्याला परत बसवलं. तो पुन्हा उठला. मॅडम, आता मला तिकडनं यायचंय, म्हणाला. तुझा डबा हाच, असं तिने समजावल्यावर तो डब्याकडे अशा नजरेने पाहत राहिला, जणू आपली चप्पल म्हणून कुणी दुसऱ्याचीच पुढे सरकवली. चौथीतली दिशा सगळ्यांत हुशार. तिने निळं गणित बघताक्षणी पंचवीस लिहिलं, हात मांडीवर ठेवले आणि उरलेला अर्धा तास भिंतीवरच्या पालीकडे बघत बसली. पिवळेवाले तर दोन्हीकडे माना वळवून नुसते वाट पाहत होते. कसली, ते तिला कळलं नाही. मुलं तिला मॅडम म्हणत होती. आईला बाई म्हणायची.

बुधवारी तिने गट बदलून पाहिले. गुरुवारी सुट्टीत कुणीतरी निषादला हाक मारली, “ए लाल डबा.” निषादने त्याला ढकललं, तो पडला, गुडघा फुटला. शैलेश सरांनी दोघांनाही उभं केलं. ज्ञानदा दाराशीच थिजली. या वर्गात दोन आठवड्यांपूर्वी असला शब्द नव्हता. तो तिने आणला होता, तीन दिवसांत.

आणि त्या शब्दातला ढ तिला नवाही नव्हता. तो तिच्या कानात चोवीस वर्षं होता, जरी तिला तो कुणीच कधी म्हटला नव्हता.

ती तिसरीत होती, आईच्याच वर्गात. तेव्हा डबे नव्हते, रंग नव्हते, नुसत्या काड्या होत्या. चारशे तीन वजा एकशे अडुसष्ट. तिने पाटीवर सगळ्यांच्या आधी दोनशे पस्तीस लिहिलं. आईने बरोबर म्हटलं आणि काड्या पुढे केल्या. आता याने कर. तिने शंभरांचे चार जुडगे मांडले, तीन सुट्ट्या काड्या मांडल्या, आणि पुढे काय ते सुचेना. तिनातून आठ जात नाहीत. शेजारून दशक घ्यावा तर शेजारी एकही जुडी नाही. पाटीवर ती शून्यावर नऊ लिहायची, कारण तसं लिहितात. ते नऊ येतात कुठून, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती मान खाली घालून बसून राहिली. थोड्या वेळाने वर पाहिलं तर सगळी मुलं आपापल्या जागी उभी राहून तिच्याकडे बघत होती. आईसुद्धा. घंटा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. तसं आणखी दोन-तीनदा झालं आणि पुढच्या वर्षी तिला कोथरूडला मावशीकडे शिकायला पाठवलं.

आपण आईच्या लेखी ढ आहोत, ही गाठ तिने तेव्हा मनाशी बांधली. पुढे ती वाचत सुटली. कपाटं भरली. कुणी काही विचारलं की तिला ते माहीत असायचंच, नसलं तरी असायचं. आईला मात्र तिने कधी विचारलं नाही, की तेव्हा तुला काय वाटलं होतं माझ्याबद्दल.

गुरुवारी संध्याकाळी तिने आईची ट्रंक उघडली. रोजच्या शिकवण्याच्या टाचणवह्या सगळ्या वर्षांच्या होत्या. या वर्षीच्या वहीत पानापानावर एकच गोष्ट. आज पात. निषाद अडला, बोलला. दिशा बोलली नाही. पुढच्या आठवड्यात, आज पात, दिशा अजून बोलत नाही. कोणी किती गणितं सोडवली याचा उल्लेखच नाही, नुसतं कोण बोललं आणि कोण नाही. ज्ञानदाला काही बोध होईना. दिशा तर वर्गात सारखी उत्तरं देते. मग तिने तळातून चोवीस वर्षांपूर्वीची वही काढली. कागद पिवळा पडला होता, अक्षर मात्र तेच.

ज्ञा. बोलली नाही. पान उलटलं. ज्ञा. बोलली नाही. असं चार वेळा. चौथ्याच्या पुढे आणखी एक ओळ होती. मी बोलायला हवं होतं का?

काय बोलायला हवं होतं? आणि ती स्वतः काय बोलली नव्हती? त्या वर्गात सर्वांत जास्त तर तीच बोलायची. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, तुझी आई शाळेतलं घरी कमीच सांगायची. रिमोट शोधत म्हणाले, शेतातलं शाळेत सांगायची म्हणे. मग टीव्ही लावला, आवाज न करता.

शुक्रवारी दुपारी गोजराबाई खिचडी वाढत होत्या. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या, साठीच्या पुढच्या, वाडीतल्याच. ज्ञानदाने वही उघडून त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, आजी, आज पात म्हणजे काय.

गोजराबाईंनी पळी पातेल्यात ठेवली. “येवढी बुकं वाचलीस आन् पात ठावं न्हाई? पाताडी बसलीया बघ समोर.”

शाळेच्या कुंपणापलीकडे वाडीतल्या जयसिंगांच्या खाचरात गरव्या, उशिरा पिकणाऱ्या भाताची कापणी चालली होती. आठ बायकांची पाताडी एका बांधाला ओळीने वाकलेली, प्रत्येकीच्या पुढे तिच्या वाट्याची पट्टी. ती तिची पात, गोजराबाई म्हणाल्या. जिचा हात चालतो ती रुंद पात धरते, नवी पोर अरुंद धरते, पण निघायचं एकाच बांधावरनं. मग त्यांनी बोटाने दाखवलं. हिरव्या लुगड्यातली एक पलीकडच्या बांधाला पोचली होती. पण ती वर चढली नाही. तिथूनच वळली आणि मागे राहिलेल्या एका बाईच्या पातीत समोरून शिरली. दोघी दोन टोकांनी कापत एकमेकींकडे येऊ लागल्या.

“मधी गाठ पडती त्यांची. समद्यांच्या पाती झाल्याबिगर कोन बांधावर चढत न्हाई. पर आपसूक कोन कुनाच्या पातीत घुसत न्हाई, तो अपमान हाय. जिची अडली तिनं हाळी द्यायची. माजी पात अडली. मग जायचं.”

ज्ञानदाने विचारलं, आणि ती बोललीच नाही तर.

“तर मंग उभं ऱ्हायाचं. तिच्यापायी समदी उभी. कंबर मोडती, पर उभं ऱ्हायाचं.” त्यांनी पुन्हा पळी उचलली. “तुजी आय शाळंत बाई व्हती, पातीवर माजी चेली. लगीन हून आली तवा तिला इळा धरता येत नव्हता. दोन दिस तोंड मिटून हात कापून घेतलं. तिसऱ्या दिशी बोलली. रडतच बोलली. मी म्हनलं, आता झालीस रिह्याची.”

खिचडीसाठी ताटली घेऊन उभी असलेली दिशा हे सगळं ऐकत होती. ज्ञानदाचं लक्ष गेलं तशी ती पटकन दुसरीकडे बघायला लागली.

त्या दुपारी कागद लिहायला बसली, तर ज्ञानदाला पहिलंच वाक्य जुळेना. मग मुलं त्या दिवशी उभी होती ती आपल्याला हसायला नव्हती? आणि आई? आई जर नुसती वाट पाहत होती, तर तिने सांगितलं का नाही, की असं म्हणायचं असतं? सांगितलंही असेल. वर्गात पात लावण्याचं पहिलंच वर्ष होतं, सगळ्यांना सांगितलं असेल, आणि आपण कळलं म्हणून मान हलवली असेल. ते आपल्याला चांगलं जमतं. की आईलाच तेव्हा नीट जमत नव्हतं? तिने प्रश्नचिन्ह टाकलेलं होतं. उत्तर कुणाचं कुणाला मिळालं नव्हतं. कागद कोराच राहिला.

शनिवारी सकाळी तिने फळ्यावर काही लिहिलं नाही. मुलांना एवढंच सांगितलं, की मला पात लावता येत नाही, तुम्ही लावा. मग जे चार दिवसांत तिला जमलं नव्हतं, ते अकरा जणांनी पाच मिनिटांत केलं. निषादने दारापासून फळ्यापर्यंत खडूने लांब रेघा ओढल्या. दाराशी प्रत्येक पट्टीत लाल डबा, मध्ये पिवळा, फळ्याखाली निळा. एकाच गणिताची तीन रूपं. दाराकडून निघालं की आधी काड्या, मग चित्र, मग आकडे. ज्याचं झालं त्याने फळ्याशी थांबायचं, आणि हाळी आली की अडलेल्याच्या पातीत निळ्याकडून शिरून, उलटं, आकड्याकडून काड्यांकडे यायचं. पिवळ्या डब्यापाशी दोघं भेटतात. कुणी लालवाला नव्हता, कुणी निळावाला नव्हता. रंग मुलांचे नव्हतेच. रंग फरशीच्या जागांचे होते.

अकरा पाती झाल्या आणि निषादने बारावीही आखली, भिंतीलगत.

ही कुणाची, तिने विचारलं.

“बाईंची,” दिशा म्हणाली. “बाईबी धरायच्या एक. त्यांची बी अडायची कवाकवा.” मग फरशीकडे बघत म्हणाली, “तुमी धरा.”

ज्ञानदा भिंतीलगत मांडी घालून बसली. लाल डब्यातली चिठ्ठी सुरुवात होण्याआधी वाचायची नाही, असं मुलांनी बजावलं होतं. पण चिठ्ठी लग्नपत्रिकेची होती, पातळ, पाठीमागून अक्षर दिसतच होतं. चारशे तीन, वजा एकशे अडुसष्ट. छापलेली बाजू या वर्षीच्या लग्नाची होती, म्हणजे कार्ड नवंच. आईने शनिवारी दाखवायचं म्हटलं होतं ते हे, की बाराव्या संचात कुठलंतरी गणित हवं म्हणून हात सवयीने तेच लिहून गेला, हे आता कोण सांगणार.

बाकीच्यांची सुरुवात झाली. काड्यांचा खुळखुळाट, फरशीवर गुडघे घासल्याचा आवाज. ओम नावाचा तिसरीतला मुलगा दुसऱ्याच मिनिटाला ओरडला, माझी पात अडली, आणि त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. चौथीतली एक मुलगी फळ्याकडून त्याच्या पातीत शिरली. नंतर निषादही बोलला. एकेक जण फळ्याशी पोचत होता.

ज्ञानदाने चार मोठे जुडगे मांडले. तीन काड्या मांडल्या. आता तिला ठाऊक होतं काय करायचं ते. मधलं शून्य रिकामं आहे, म्हणून शंभरांचा एक जुडगा सोडायचा, त्याच्या दहा जुड्या होतील, त्यातली एक पुन्हा सोडायची, नऊ उरतील. शून्यावरचे नऊ ते हे. इतकं सोपं होतं. तिने एक जुडगा हातात घेतला आणि दोऱ्याचं टोक ओढलं.

गाठ घट्ट झाली.

दुसरं टोक ओढलं. आणखी घट्ट. तिने नखाने उकलायचा प्रयत्न केला. दोरा त्या रविवारचाच होता, पांढरा, अजून मळला नव्हता. कुठून आत घातलाय, कुठलं टोक कुठे जातं, काही उमगेना. कळली ना, आईने विचारलं होतं. तिने दुसरा जुडगा घेतला. तीच गाठ. टेबलावर कात्री होती, तिच्या नजरेसमोर, हात लांब केला असता तर मिळाली असती. तिने हात लांब केला नाही. आईने हाताने बांधलेलं ते शेवटचं होतं, आणि तिला ते कापायचं नव्हतं.

केव्हातरी तिच्या लक्षात आलं, की खोलीत आवाज थांबलाय.

तिने मान वर केली. अकरा मुलं आपापल्या पातीत उभी होती. निषाद एका पायावर भार देऊन, ओम नाक पुसत, दिशा हाताची घडी घालून. कुणी हसत नव्हतं. कुणी कुजबुजत नव्हतं. दारात शैलेश सर येऊन थांबले होते, मागे गोजराबाई, हाताला पीठ. कुंपणापलीकडे कापणी चालूच होती. कुणी पुढे येत नव्हतं, आणि कुणी जागचं हलतही नव्हतं. तिला चोवीस वर्षांपूर्वीची ती खोली आठवली नाही, ती तिथेच होती. तेच उभं राहणं. फक्त त्या वेळी टेबलाशी आई उभी होती, आणि ज्ञानदा मान खाली घालून घंटेची वाट पाहत होती.

दिशा तिच्याकडे एकटक बघत होती, जणू तिलाही काहीतरी बघून घ्यायचं होतं.

“आई,” ती म्हणाली. मुलांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. मग तिने तो जुडगा दोन्ही हातांनी वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मोठ्याने म्हणाली, “ही गाठ मला कळली नव्हती. माझी पात अडली.”